रुमालात गुंडाळलेलं वर्तमानपत्र

"वाचलं नाहीस, बेबे?" मी विचारलं.

"रोज धूप दाखवते की, पुत्तर."

शेजारच्या म्हाताऱ्या इशर कौरनं आमचं साप्ताहिक रुमालात गुंडाळून फळीवर पोथीशेजारी ठेवलं होतं. जुने अंकही तिथंच होते, घडीसुद्धा न मोडलेले.

अमृतसरात गुरुमुखी वर्तमानपत्र ही गोष्टच नवी होती. तोवर या अक्षरांत लोकांनी फक्त गुरूंची वाणी वाचली होती.

"बेबे, यात बाजारभाव असतात, कोर्टातली भांडणं असतात."

"अक्षरं तर गुरूंचीच ना?"

माझी बायको होती तेव्हा पिठाच्या हातांनीच अंक धरून ती गल्लीतल्या बायकांना वाचून दाखवायची आणि संपादकाला, म्हणजे मला, नावं ठेवायची. गल्लीतल्या विहिरीच्या पाण्यानं तिला पटकी झाली. ती गेल्यावर मी पहिल्याच पानावर छापलं, पाणी उकळून प्या. इशर कौरची गरोदर सून अजून त्याच विहिरीचं पाणी पीत होती.

शेवटी मी हात धुतले, मांडी घातली, रुमाल सोडला आणि बातमी मोठ्यानं वाचली. "पाणी उकळून प्या" ऐकताच सासू-सुनेनं जमिनीला डोकं टेकवलं.

"नमस्कार नको, बेबे. आधण ठेव."

"ठेवते की. आधी समाप्ती होऊ दे. पाठ सोडून मधेच उठत नाहीत."

मग मी लाहोरच्या बाजारातले घोड्यांचे भावही वाचले. शेवटची ओळ संपली तेव्हा, माझा घसा कोरडा पडला असेल म्हणून, सुनेनं घागरीतल्या पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला.