घरातलं लेकरू

आपण कोणत्या वेबसाइट उघडतो ते कुणाला कळू नये, म्हणून 'सिक्युअर डीएनएस' चालू कर, असं मैत्रिणीनं सुलेखाला सांगितलं होतं. पण घरच्या कॉम्प्युटरवर ते बटण काही केल्या दाबलंच जाईना. शेवटी नवरा, राजकुमार, कंपनीत गेल्यावर तिनं औरंगपुऱ्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून सोमनाथला बोलावून घेतलं.

सोमनाथनं स्क्रीनवरची ओळ वाचली. "ताई, लेकरांसाठीचं कंट्रोल चालू हाय. त्याच्यामुळंच हे बंद दिसतंय. लेकरं किती तुमाला?"

"लेकरू नाय," सुलेखा म्हणाली. स्वयंपाकघरात सासूच्या हातातलं भांडं जरा जोरातच आदळलं.

सोमनाथ ओशाळला. मान खाली घालून त्यानं पुढचं पान उघडलं आणि तसाच थांबला. मग हळू आवाजात वाचलं, "पालक, राजकुमार. मूल, सुलेखा." तिच्याकडं न बघताच तो म्हणाला, "तुमी जे शोधता त्याचा रिपोर्ट दादांच्या मोबाइलवर जातो, ताई. पासवर्ड त्यांच्याकडंच असंल. फोन लावून विचारू का?"

"नको."

सोमवारी तिनं जालन्यातलं बायकांचं वसतिगृह शोधलं होतं. मंगळवारी राजकुमारनं तिचं आधार कार्ड, पासबुक, डिग्रीची सर्टिफिकेटं आपल्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली होती. "चोऱ्या लई वाढल्यात गं," म्हणाला होता, आणि तिनंच एकेक कागद हुडकून त्याच्या हातात दिला होता.