शून्य युनिट

कडाक्याच्या थंडीत कोळशाची वीज किती घ्यायची, धरणाची किती, उन्हाची किती, आणि कोणत्या गावाला किती द्यायची, याचा आराखडा वीज कंपनीच्या उमाकांत साहेबांनी नंदुरबारच्या बैठकीत हीटरच्या उबेत वाचून दाखवला. सातपुड्यातल्या पाड्यांपुढे शून्य होतं.

"साहेब, आमच्याकडं पहाटे गवतावरचं दव गोठतं," सरपंच रूपलीबाई म्हणाल्या.

साहेबांना हसू आवरेना. या लोकांना मागण्याखेरीज दुसरं येतं काय! "बाई, गेले दोन हिवाळे तुमच्या एकाही मीटरवर एक युनिट पडलेलं नाही. शेकोटीशी बसायचं आणि वर वीज मागायची? जी वापरत नाही, ती द्यायची कशाला?"

रूपलीबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मीटर तुम्हीच लावून गेलात, साहेब. आता तार तेवढी आणा."