एकच हाक

यूएसबीला नेटवर्कची वायर जोडणाऱ्या डबीचा ड्रायव्हर, म्हणजे ती डबी चालवणारा प्रोग्रॅम, तनुजानं आपलं लेकरू निजेल तेवढ्याच वेळात लिहिला होता. औशाकडच्या एका दवाखान्यात तान्ह्यांच्या उशाचं यंत्र धोका दिसला की त्या डबीतून सिस्टरला एकदाच हाक मारायचं. तिकडं लाइट सारखी जाते, बॅटरी पुरावी, म्हणून तिनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: पाच मिनिटं शांतता असली तर डबीनं झोपावं, हाक आली की उठावं. आज दुपारी यंत्रं बसवणाऱ्या मुज्तबाचा फोन आला. “ताई, डबीत खराबी न्हाई. झोपली होती. हाकेनं उठली, पण तोवर हाक हुकली.” “आणि बाळ?” “माय अजून मांडीवर घेऊन बसलीय. झोपलंय म्हणतीय, कुणाच्या हाती देईना.” तनुजानं ती ओळ खोडून टाकली. शेजारचा पाळणा केव्हाचा शांत होता. गाढ झोपलेल्या लेकराला उचलून ते रडेपर्यंत ती हाका मारत राहिली.