दोन इंच लाकूड

“कापू का नको, तेवढं सांगा अप्पा,” केरबा मिस्त्री म्हणाला. दुनळी बंदुकीचा लाकडी दस्ता त्यानं शिकंज्यात आवळला होता.

“काप,” गुरुपादप्पा म्हणाले. केरबानं करवत उचलली. “थांब, थांब!”

नांदेडच्या या दुरुस्तीच्या दुकानात ते तिसऱ्यांदा आले होते. आधी दोनदा उदगीरहून इतक्या लांब येऊन, चहा पिऊन, बंदूक जशीच्या तशी घेऊन परत गेले होते. पन्नास वर्षं अडत चालवलेला माणूस. तूर मुठीत धरली की ओलावा सांगायचा. पण दोन इंच लाकडापुढं त्यांची मती पार गुंग झाली होती.

बंदूक त्यांच्या वडिलांची, बसलिंगप्पांची. आता परवाना सुनेच्या, सुकन्याच्या नावावर झाला होता. मुलगा उमाशंकर पुण्यात नोकरीला, आणि गुरुपादप्पांचे हात थरथरायचे, त्यामुळं शेत तीच पाहायची. रानडुकरं भुईमुगात शिरली की तिनं हवेत बार काढायचा, आवाजानं कळप पळायचा. पण तिचे हात आखूड आणि दस्ता लांब. तो खांद्यात नीट बसतच नव्हता. मागच्या आठवड्यात बार काढताना दस्ता उसळून हनुवटीवर बसला आणि तीन टाके पडले.

नळ्यांना कोणी हात लावणार नव्हतं. प्रश्न नुसत्या लाकडाचा होता. उमाशंकरनं सकाळीच फोन करून बजावलं होतं, “अप्पा, काही कापू नका. ओरिजनल पीस आहे, असली बंदूक आता शोधून मिळत नाही.”

सुकन्या सासूशेजारी बाकावर पदर हनुवटीला लावून बसली होती. ती म्हणाली, “मामा, जीवावर येत असंल तर ऱ्हाऊ द्या. मी बगते कसंतरी.”

त्या ‘कसंतरी’नं गुरुपादप्पा आणखीच हैराण झाले. सुनेचे टाके पाहिले की वाटायचं, कापावं. दस्त्याकडं पाहिलं की वाटायचं, बापाच्या वस्तूला करवत लावणारे आपण कोण? पुन्हा टाके, पुन्हा दस्ता. डोकं नुसतं भणभणत होतं.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यांना कुणाला सांगता येत नव्हती. बसलिंगप्पा सहा फुटी. गुरुपादप्पा त्यांच्यापेक्षा चांगले वीतभर बुटके. गावानं त्यांना जन्मभर त्यावरून चिडवलं. पण वडिलांची बंदूक मात्र त्यांच्या खांद्याला अशी चपखल बसायची की हात कुठंही ताणावा लागत नसे. आपण बसलिंगप्पांचेच चिरंजीव शोभतो, याला त्यांच्याकडं एवढा एकच पुरावा होता.

केरबा वाट पाहून कंटाळला. निदान खूण तरी करून ठेवावी म्हणून त्यानं ओल्या फडक्यानं दस्ता पुसायला घेतला. दर खांडेनवमीला बंदुकीची पूजा व्हायची आणि दस्त्यावर विभूतीची तीन बोटं ओढली जायची. वर्षानुवर्षांचा तो थर निघाला आणि केरबा थबकला.

“अप्पा, ह्यो तर आधीच कापलेला हाय.”

“काहीबी बोलू नको!”

“हे बगा की. हितं जोड हाय. दस्ता अक्रोडाचा अन् ह्यो शेवटचा तुकडा सागवानी. मागून चिकटवलाय कुनीतरी.”

गुरुपादप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. बोट फिरवून पाहिलं. जोड होता. मग आपण तीन खेपा घातल्या त्या कशासाठी? आणि ओरिजनल म्हणायचं तरी कशाला? त्यांना भयंकर राग आला, पण कुणावर चिडावं ते कळेना. “कुनी कापली माझ्या बापाची बंदूक?” ते ओरडले.

“त्येंनीच कापली, तुमच्या वडलांनीच,” गौरम्मा म्हणाली.

ती त्यांची बायको. मोतीबिंदूच्या तपासणीला म्हणून सोबत आली होती आणि काळा चष्मा लावून सुनेच्या पलीकडं बसली होती. “लगीन झालं तवा तुमी लातूरला दाळ मिलात कामाला. हिकडं मामांचा पाय मोडलेला. रानात बार कोन काढनार? मीच की. माजे हात पुरंनात, म्हनून मामांनी सुतार बोलवून दस्ता कापला.”

“तू बार काढायचीस?”

“दोन सुग्या.”

गुरुपादप्पा बायकोकडं वळले. बावन्न वर्षांच्या संसारात ही बाई पाल दिसली तरी त्यांनाच हाक मारत आली होती. “अन् ह्यो तुकडा?”

“तुमी मिल सोडून घरी आलात, त्या दिवशी मामांनी तुमाला अंगनात हुबं करून हाताचं माप घेतलं, आठवतं का?”

आठवत होतं. उन्हात उभं केलं होतं. खांद्यापासून चापाच्या बोटापर्यंत सुतळी ताणली होती. “शर्ट शिवायचाय म्हनले व्हते,” गुरुपादप्पा सावकाश म्हणाले. “त्यो काय आला न्हाई.”

“येतोय कुठनं? ते माप ह्या लाकडाला लागलं. गुरूला सांगू नको म्हनले. बापाची जशीच्या तशी हाय असं समजूनच धरू दे त्येला. म्हनून तर दर साली मी त्या जोडावरच विभूती लावत आले.”

केरबानं करवत बाजूला सारली. गुरुपादप्पांनी त्या सागवानी तुकड्यावर तळवा ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग त्यांनी केरबाच्या टेबलावरचा टेप उचलला आणि सुनेकडं वळले.

“सुकन्या, हुबी ऱ्हा, पोरी. हात लांब कर. शर्ट शिवायचाय.”