होडीतली सातवी

शाळा बंद होऊन तास मोबाइलवर सुरू झाले आणि वाडीत रेंज नव्हती, म्हणून बाबली वर्षभर आपल्या लेकीला, संचिताला, होडीत बसवून किनाऱ्यालगतच्या खडपांच्या, खडकांच्या बाहेर नेत होता. तिथे मोबाइल लागायचा. लाटांवर डुलत डुलत पोर सातवी शिकली.

आज शेवटचा तास होता. "संचिता वर्गात पहिली आली," फोनच्या पडद्यावरून बाई म्हणाल्या, आणि वल्हं धरून बसलेल्या बाबलीचा ऊर भरून आला. त्याच्या घरात आजवर कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं.

"आणि बाबलीभाऊ, धाकटीचंही कौतुक हं. रोज ताईच्या मागे बसून ऐकायची. यंदा तिलाही शाळेत घाला."

"बाई, माका ह्या एकच चेडू आसा," बाबली हसत म्हणाला. संचिता त्याची एकुलती एक लेक होती.



बाबलीने समोर पाहिलं. लेकीच्या मागे होडीचं रिकामं टोक होतं आणि पलीकडे शांत समुद्र.

संचिता मात्र मागे वळली आणि कौतुकाने हळूच म्हणाली, "आयकलंस गो? बाईंनी तुझा पण नाव घेतल्यानी."

वारा पडलेला होता. तरी होडीचं ते टोक हलकेच पाण्यात दबलं, कोणीतरी उठून उभं राहावं तसं.