नवरंगाचा फोटो

साठी उलटल्यावर कॅमेरा हाती धरलेल्या श्रावणजींना हिंगणीच्या जंगलात अखेर नवरंग पक्षी सापडला, तोही घरट्याच्या तोंडाशी. धीर करून त्यांनी तो फोटो पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. वाहवा झाली. मग एकाने विचारलं, “काका, घरटं नेमकं कुठं आहे? उद्या दहा-बारा जण येतो कॅमेरे घेऊन.”

अंगणात बऱ्याच येरझारा घालून शेवटी श्रावणजींनी लिहिलं, “फोटो माझा नाही. नेटवरून घेतला.”

“तरीच! काकांना कसा जमला म्हटलं!” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मोबाईलात डोकावून त्यांची बायको तानाबाई चिडली. “काऊन खोटं सांगतलं? तुमीच काढला न तो?”

“अजून अंड्यातून पिल्लं नाई निघाले न,” ते म्हणाले.