गळ्यातली बाई

"शेठ, जरा हात लावून बघा. सिंगापूरचा माल हाय, बंदरावरचा!" असं म्हणत गहिनीनाथने पदक सोनाराच्या गादीवर ठेवलं, आणि त्याच्या बायकोने, मनकर्णाने, मान फिरवून बाजाराकडे पाहिलं. पाथर्डीचा बाजार भरात आला होता. ती दुकानाच्या उंबऱ्याला टेकून बसली होती. त्या पदकाकडे बघायची तिची बिलकुल इच्छा नव्हती.

गहिनीनाथ बोटीवर आचाऱ्याच्या हाताखाली होता. हौशी गोऱ्या लोकांना बंदरोबंदरी हिंडवून आणणारी बोट ती. रजेवर आल्यापासून त्याचं तोंड मिटलं नव्हतं. "बोट धक्क्याला लागली की गोरे आदी सोनाराकडं पळत्यात, शेठ. मड्डमा तर भाजी घ्यावी तसं सोनं घेत्यात. येवढी मानसं काय खुळी हायेत? तिथं जकात न्हाई, का दलाल न्हाई. दुकानदारानं निम्मी किंमत केली, वर मला च्या पाजला!"

गिऱ्हाइकाला चहा पाजणाऱ्याने त्याचा खिसा आधीच जोखलेला असतो, हे पाथर्डीच्या बाजारात बैल घेतलेल्या कुणीही त्याला सांगितलं असतं. पण तो पडला बोटीवरचा माणूस. त्याला कोण सांगणार?

रंगनाथ सोनाराने चष्मा नाकावर घेतला. पदक उलटसुलट करून पाहिलं, आणि त्याचा आवाज एकदम हळू झाला.

"थोरल्या बाई कवा वारल्या, पाव्हणं?"

"कोन थोरल्या?"

"हा टाक ज्यांचा हाय, त्या."

मनकर्णाने झटकन मान वळवली. म्हणजे सोनारालाही तेच दिसलं.

पदकावर एका बाईचा मुखडा उठवलेला होता. वर बांधलेले केस, लांब नाक, मोकळा गळा. आपल्याकडे बाईच्या गळ्यात बाईचं रूप येतं ते एकाच कारणाने. नवऱ्याची आधीची बायको मेलेली असली, की तिचा टाक घडवून दुसरीने गळ्यात बांधायचा. रोज त्याला हळदकुंकू वाहायचं, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं. मनकर्णाची मावशी लंकाबाई सवतीचा असा टाक घालून जन्मभर वावरली. सणाचा घाससुद्धा तिने कधी सवतीच्या आधी खाल्ला नाही.

गहिनीनाथला हे माहीत नव्हतं असं नाही. दुकानातल्या लखलखाटात आठवलं नाही, इतकंच. पण त्याने मोठ्या हौसेने पदक तिच्या हातावर ठेवलं, तेव्हा मनकर्णाने एकच अर्थ काढला होता. याने लग्नाआधीच तिकडं कुठल्या तरी बंदरात घर केलं होतं. ती बाई मेली, आणि तोंडाने सांगायची छाती नाही म्हणून याने ती मुकाट्याने आणून आपल्या गळ्यात अडकवली. विचारलं आणि "व्हय" म्हणाला तर? म्हणून तिने विचारलंच नाही. "आदी सोनाराला दावा," एवढंच म्हणाली. गहिनीनाथला वाटलं, बायको व्यवहाराला पक्की आहे.

आता सोनाराचं बोलणं डोक्यात शिरल्यावर तो खो-खो हसला. "टाक कशाचा, शेठ! अशा ढीगभर बाया टांगल्या हुत्या तिथं. नक्षी हाय ती!"

त्या हसण्याने मनकर्णाचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. पुरुष कात्रीत सापडला की आधी हसतो, हे तिला ठाऊक होतं.

रंगनाथने पदकाचा काठ कानशीने जरा घासला, तिथूनच कसोटीच्या दगडावर रेघ ओढली आणि तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ हिरवट फसफसली आणि नाहीशी झाली.

"पितळ हाय," तो म्हणाला. "वरून नुसतं सोन्याचं पानी."

गहिनीनाथने पुन्हा रेघ ओढायला लावली. तीही गेली. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, त्या चहा पाजणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "समद्या बोटीत मिरवत हुतो की मी झ्याक माल घेतला! आता तिथं कंचं तोंड दावू?" असं म्हणून त्याने पदक उचललं आणि रागाच्या भरात समोरच्या गटारात भिरकावलं.

मनकर्णा ताडकन उभी राहिली.

मेलेल्या बायकोचा टाक कुणी गटारात टाकत नाही. चुकून पाय लागला तरी माणूस हात जोडतो. हा टोपी हातात घेऊन बसलेला तिचा नवरा कुणाला गमावून आला नव्हता. हा नुसता फसला होता, पार फसला होता! तो आल्या दिवसापासून तिच्या छातीवर बसलेला धोंडा उतरला. पायरी उतरून ती गटारापाशी गेली, हात घालून पदक काढलं, लुगड्याला खसाखसा पुसलं आणि तिथंच उभ्याउभ्या गळ्यात बांधलं.

"अगं, पितळ हाय ते!" गहिनीनाथ ओरडला.

"असू द्या."

"बाई, गावात बायका इचारतील," रंगनाथ म्हणाला, "की सवत कवा गेली म्हनून."

"सांगीन, नव्हतीच."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. गहिनीनाथला वाटलं, पैसे बुडाले म्हणून रडतेय. तो ओशाळून पायरी उतरला. "चुकलंच माजं. फुडल्या खेपंला हितूनच घेऊ काय ते. शेठकडनंच."

"न्हाई वो," डोळे पुसत मनकर्णा म्हणाली. "फुडल्या खेपंला कानातलं आना. त्याच दुकानातनं."